आधी ओळख, मग वीज

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलात तर काय हाताला लागेल याचा नेम नाही. बंद पडलेला ऑसिलोस्कोप, पितळी नळ, कुणाच्या तरी लग्नातला टी-सेट... आणि नशीब जोरावर असेल तर एखादी काचेची नळी, जिच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आहेत आणि पोटात ॲल्युमिनियमचं लांबुडकं डबडं आहे. मी भाव विचारला तर काका म्हणाले, "फॉरेनची ट्यूबलाइट आहे साहेब. अडीचशे द्या." दोनशेला सौदा तुटला.

ती ट्यूबलाइट नव्हती. ती हेलियम-निऑन लेझरची नळी होती, बहुधा कुठल्यातरी जुन्या बारकोड स्कॅनरच्या पोटातून निघालेली.

पुढे तिचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, उगाच सस्पेन्स नको. ती फुटली. माझ्याच हातून. कशी ते पुढे येईलच. पण त्या दोनशे रुपयांनी मला जे शिकवलं त्यावर गेले काही वीकएंड मी विचार करतोय, आणि माझं ठाम मत झालंय: जुनी लेझर ट्यूब हातात आली की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, "ही पेटवायची कशी?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर दुसरा आहे. पहिला प्रश्न "ही आहे कोण?"

आमच्या धंद्यात हा क्रम उलटा चालतो, आणि चालून जातो. अनोळखी कोड मिळाला की आधी रन करून बघायचा. एरर आला तर वाचायचा, नाहीतर गूगल करायचं. फारच लोच्या झाला तर मागच्या व्हर्जनवर जायचं. काचेच्या नळीला मागचं व्हर्जन नसतं. आणि हजारो व्होल्टच्या शेजारी बसलेल्या माणसालाही नसतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय या नळीबद्दल आदर वाटणार नाही. पहिला लेझर माणिकाचा, मे १९६०, थिओडोर मेमनचा. पण तो स्पंदांमध्ये चमकायचा. न थांबता, सलग प्रकाश देणारा पहिला लेझर म्हणजे हा हेलियम-निऑन. अली जवान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट या तिघांनी १२ डिसेंबर १९६० रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तो चालवून दाखवला. तो प्रकाश डोळ्यांना दिसायचा नाही, १.१५ मायक्रॉनचा इन्फ्रारेड होता. आपल्या ओळखीचा लाल, म्हणजे ६३२.८ नॅनोमीटरचा किरण १९६२ मध्ये तिथेच ॲलन व्हाइट आणि डेन रिग्डन यांनी मिळवला. (जाता जाता: याच बेल लॅब्समध्ये १९६४ साली कार्बन डायऑक्साइडचा लेझर बनवणारे सी. कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेतलेले. आपल्याला हे शाळेत का सांगत नाहीत देव जाणे.)

पुढे या लाल नळीनं जग व्यापलं. २६ जून १९७४ ला ओहायोमधल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगगमचं एक पाकीट स्कॅन झालं, बारकोड वापरून विकलेली ती पहिली वस्तू. तो स्कॅनर याच लेझरवर चालत होता. १९७८ चे पहिले लेझरडिस्क प्लेअर, प्रिंटर, सर्व्हेची यंत्रं, विमानातले रिंग लेझर जायरोस्कोप, सगळीकडे हीच. मग स्वस्त सेमीकंडक्टर डायोड आले आणि बहुतेक ठिकाणांहून हिची उचलबांगडी झाली. आज नव्या नळ्या बनतात, पण प्रामुख्यानं प्रयोगशाळा आणि मोजमापासाठी. बाकीच्या भंगारात. तिथून जुन्या बाजारात. तिथून माझ्या टेबलावर.

आता आत काय चालतं ते बघू. नळीत हेलियम जास्त आणि निऑन थोडा असतो, दाब काही टॉर, म्हणजे हवेच्या दाबाच्या काही शतांशही नाही. वीज सोडली की इलेक्ट्रॉन हेलियमच्या अणूंना धडका देतात. हेलियम एका अशा पातळीवर चढून बसतो जिथून त्याला सहज खाली उतरता येत नाही. ती पातळी २०.६१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, आणि योगायोगानं निऑनची एक पातळी २०.६६ ची, जवळजवळ तेवढीच. टक्कर झाली की हेलियम आपली ऊर्जा निऑनच्या हवाली करून मोकळा होतो, आणि निऑन उतरताना लाल प्रकाश देतो. म्हणजे राबतो हेलियम, नाव होतं निऑनचं. (टीम लीड आणि मॅनेजरची आठवण आली असेल तर तो दोष तुमचा :-))

पण यात मिळणारी वाढ फार तुटपुंजी. एका फेरीत जेमतेम एक-दोन टक्के. म्हणून एका टोकाचा आरसा जवळजवळ सगळाच प्रकाश परत पाठवणारा आणि दुसरा साधारण एक टक्का बाहेर सोडणारा असावा लागतो. म्हणजे आरसा किंचित तिरका झाला, वायूचं प्रमाण थोडं बिघडलं किंवा करंट चुकला, की संपलं. नळी झगमगते, पण किरण नाही. इतक्या काठावर चालणाऱ्या वस्तूला "लावून तर बघू" म्हणून चालत नाही, हा माझा मुद्दा.

मग ओळख करून घ्यायची कशी? सुरुवात लेबलापासून. मॉडेल नंबर मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात. मेलेस ग्रिओच्या नळीवर ०५-एलएचआर असं काही असेल तर शेवटचा 'आर' म्हणजे पोलराइझ न केलेला प्रकाश, तिथे 'पी' असेल तर पोलराइझ केलेला. पण लेबल वाचतानाही एक खोच आहे. सुरक्षेच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या स्टिकरवर जी पॉवर लिहिलेली असते ती त्या वर्गाची कमाल मर्यादा असते. "कमाल ५ मिलिवॉट" लिहिलेली नळी प्रत्यक्षात दोनच देत असेल. विकणारा मात्र पाचाचे पैसे लावतो. त्याचंही चुकत नाही म्हणा, त्यानं जे वाचलं ते सांगितलं.

लेबल नसेल तर पट्टी काढा. या नळ्यांमध्ये लांबी खोटं बोलत नाही. १२ ते १५ सेंटिमीटरची नळी असेल तर साधारण अर्धा मिलिवॉट आणि साडेतीन-चार मिलिअँपिअर. २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर एक-दोन मिलिवॉट, पाचेक मिलिअँपिअर. ३५ ते ४० असेल तर पाच मिलिवॉटपर्यंत आणि सहा-साडेसहा मिलिअँपिअर. हे अंदाज आहेत, पण अंदाज हवेतून काढणं आणि पट्टीवरून काढणं यात फरक आहे.

मग टोकं बघा. आतलं मोठं ॲल्युमिनियमचं डबडं ज्या टोकाला जोडलेलं आहे ते कॅथोड, म्हणजे ऋण. दुसरं, छोटं टोक ॲनोड, धन. ही गोष्ट कपाळावर गोंदवून घ्यावी. उलटं जोडलंत तरी नळी पेटते, हीच तर गंमत! पण छोट्या टोकाचा धातू आयनांच्या माऱ्यानं उडायला लागतो, आरशावर आणि काचेवर जाऊन बसतो, आणि नळी बघता बघता कायमची निकामी होते. जी चूक लगेच एरर देत नाही ती सगळ्यात महाग, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत?

त्यानंतर काचेवर चंदेरी किंवा काळपट डाग दिसतो का बघा. तो गेटर, आतली घाण शोषणारा. सगळ्या नळ्यांत नसतो, पण असला आणि पांढरा दुधी पडला असेल तर आत हवा शिरली आहे. नमस्कार करा आणि शोपीस म्हणून ठेवा. आरसे चिकटवलेत कसे तेही बघा. जुन्या नळ्यांत ते इपॉक्सीनं चिकटवलेले असत आणि त्यातून वर्षानुवर्षं हेलियम निसटत राही. नंतरच्या नळ्यांत काच वितळवून पक्कं सील केलेलं असतं, त्या कित्येक वर्षं कपाटात पडूनही टिकतात.

हेलियमवरून एक भन्नाट गोष्ट आठवली. नळीतला फक्त हेलियम गेला असेल, हवा आत आलेली नसेल, तर ती नळी काही दिवस हेलियमनं भरलेल्या पिशवीत ठेवतात. हेलियम ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत येतो. गणित साधं आहे. आत दोन टॉर होता आणि बाहेरच्या हवेत हेलियम जवळजवळ नाहीच, म्हणून तो बाहेर गेला. आता बाहेर ७६० टॉर शुद्ध हेलियम आहे. ७६० भागिले २ म्हणजे ३८० पट वेग. वर्षभरात जे गेलं ते ढोबळमानानं एका दिवसात परत! पण हे करायचं की नाही हे ठरवायला नळीला झालंय काय हे आधी कळायला हवं. हवा शिरलेल्या नळीला हेलियमची आंघोळ घालून काही उपयोग नाही.

आता वीज. इथे लोक सगळ्यात जास्त गाढवपणा करतात, आणि मीही त्याच कळपातला.

ही नळी सुरू व्हायला सात-आठ हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त लागतात. एकदा पेटली की तिला हजार-दोन हजार पुरतात. आणि पेटल्यावर ती उलटी वागते: करंट वाढला की व्होल्टेज कमी होतं. म्हणजे मोकळी सोडली तर करंट वाढतच जाणार. म्हणून ॲनोडच्या अगदी जवळ, सिरीजमध्ये एक रेझिस्टर लागतो, साधारण ७५ किलोओमचा. उदाहरणार्थ, १४०० व्होल्टची नळी, ५ मिलिअँपिअर. रेझिस्टरवर ३७५ व्होल्ट पडतात, एकूण झाले १७७५, म्हणजे जवळजवळ नऊ वॉट. आणि बाहेर प्रकाश किती? एक मिलिवॉट. नऊ हजारातला एक हिस्सा! महावितरणला कळलं तर सत्कार करतील.

मी ट्यूब आणली म्हटल्यावर आमच्या एका मित्रानं लगेच सल्ला दिला, "अरे, मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आहे घरी, दोन हजार व्होल्ट देतो. लाव की!" दुसरा म्हणाला, "डास मारायची रॅकेट उघड." दोघंही इंजिनिअर. रॅकेट निदान बिचारी आहे. तिच्यात हजार-दीड हजार व्होल्ट असतात, पण सलग पाच मिलिअँपिअर द्यायची ताकद नाही, आणि नळी सुरू करण्याइतकं व्होल्टेजही नाही. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मात्र माणूस मारतो. हे वाक्य मी मजेत लिहिलेलं नाही. तो शेकडो मिलिअँपिअर देऊ शकतो, आणि अशा गोष्टीला चुकून हात लागला तर दुसरी चूक करायला माणूस उरत नाही. शिवाय तो देतो ए.सी. म्हणजे दर अर्ध्या आवर्तनाला नळी उलटी जोडल्यासारखी. निऑन साइनच्या ट्रान्सफॉर्मरचंही तेच. नळी मरणार, आणि कदाचित तुम्हीही.

योग्य उत्तर कंटाळवाणं आहे: त्या करंटसाठी बनवलेला, हेलियम-निऑनचाच पॉवर सप्लाय शोधा. जुन्या यंत्रांतून निघालेले इपॉक्सीत बंद केलेले ठोकळे मिळतात. नळी स्वस्त आणि सप्लाय महाग, हे चुकीचं वाटतं, पण तसंच आहे. करंट मोजायचा तर कॅथोडच्या बाजूला, जमिनीलगत, एक किलोओमचा रेझिस्टर टाकून त्यावरचं व्होल्टेज बघायचं. एक व्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ॲनोडला मल्टिमीटर लावायचा नाही. हजार व्होल्टचा मीटर आणि आठ हजारांची सुरुवात, निकाल सांगायला नको.

आणि करंट वाढवला की प्रकाश वाढतो हा समज सोडून द्या. एका ठरावीक करंटला प्रकाश कमाल असतो, त्यापुढे तो कमी होतो आणि नळीचं आयुष्यही. कमी पडला तर नळी लुकलुकते. जास्त म्हणजे चांगलं, हा फंडा इथे चालत नाही.

तर माझी नळी. मी वरचं बरंच वाचलं होतं. उसना सप्लाय आणला, ध्रुव तपासले, करंट मोजला, ४.८ मिलिअँपिअर. नळी पेटली. आधी गुलाबी-नारिंगी झोत, आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. तो ठिपका बघून झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही. दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग बंद केली आणि नळी फिरवून ठेवावी म्हणून ॲनोडचं टोक धरलं.

बंद केलं म्हणजे वीज गेली, असं आपल्याला वाटतं. कपॅसिटरला तसं वाटत नाही. धक्का जीवघेणा नव्हता, पण हात आपोआप झटकला गेला आणि नळी टेबलावरून खाली. तीसेक वर्षं टिकलेली वस्तू माझ्याकडे चार दिवस राहिली. आई आतून म्हणाली, "बल्ब फुटला का रे?" मी "हो" म्हणालो.

बंद केल्यावर रेझिस्टरनं दोन्ही टोकं डिसचार्ज करायची, मग हात लावायचा, हे मला माहीत होतं बरं का. माहीत असणं आणि हाताला सवय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतर महिनाभरानं दुसरा एक मित्र, जो एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, म्हणाला, "आमच्याकडे तीन लेझर डेड स्टॉकमध्ये लागलेत. पुढच्या महिन्यात भंगारात जातील. बघायचेत का?" परवानगी काढून एका शनिवारी गेलो. रजिस्टरमध्ये तिन्हीपुढे एकच शब्द: बंद. पहिल्याचा फ्यूज उडालेला होता. फ्यूज! बदलला, चालू. दुसऱ्याचा सप्लाय मेलेला, पण त्याची नळी पहिल्याच्या सप्लायवर व्यवस्थित चालली. दोन्ही नळ्या सारख्या मॉडेलच्या आहेत हे आधी लेबलावरून बघितलं होतं. तिसऱ्यात जांभळट झोत, किरण नाही. म्हणजे हवा शिरलेली. ती खरीच गेली होती. तीनपैकी दोन नळ्या जिवंत, आणि तिन्ही भंगारात निघाल्या होत्या. कारण इतक्या वर्षांत "बंद आहे" यापुढचा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता: नेमकं काय बंद आहे?

आणि त्याच खोलीत मुलं डिफ्रॅक्शन ग्रेटिंगचं प्रॅक्टिकल शंभर रुपयांच्या पॉइंटरवर करत होती.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. पॉइंटर स्वस्त आहे, जास्त उजेड देतो, मग या म्हाताऱ्या नळीचं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसता ठिपका हवा असेल तर पॉइंटरच घ्या. पण नळीचा किरण गोल आणि स्वच्छ असतो, त्याची तरंगलांबी जागेवर राहते, आणि साध्या नळीनंही टेबलावर इंटरफेरोमीटर मांडता येतो, होलोग्राम काढता येतो. आयोडीननं स्थिर केलेला याच जातीचा लेझर मीटरची लांबी प्रत्यक्षात उतरवायला वापरतात. आणि मुख्य म्हणजे यातली प्रत्येक गोष्ट दिसते. काच, वायू, आरसा, झोत. पोलरायझरमधून किरण बघा, नळी तापताना तो मंद-तेज होत राहतो, कारण आरशांमधलं अंतर वाढतंय. एका काचेच्या नळीचं मायक्रॉन-मायक्रॉननं लांबणं भिंतीवर दिसतं! पॉइंटरच्या पोटातल्या कणाएवढ्या चिपमध्ये हे बघायला मिळणार नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: जुनी वस्तू आहे, पेटवू नका, जपून ठेवा. हेही मला पटत नाही. चांगल्या नळीचं आयुष्य दहा हजार तासांच्या वर असतं. समजा निम्मं संपलंय. दर रविवारी एक तास चालवली तर वर्षाचे ५२ तास, म्हणजे उरलेले पाच हजार तास ९६ वर्षं पुरतील. मी पुरणार नाही. तेव्हा पेटवा, जरूर पेटवा. फक्त ओळख झाल्यावर. आणि सगळं तपासूनही ओळख पटली नाही, तर न पेटवता ठेवून द्यायची हिंमतही ठेवा. ते अपयश नाही.

कॉलेजात किंवा लॅबमध्ये काम करत असाल तर एक विनंती: पुढच्या वेळी डेड स्टॉकची यादी आली की त्यातल्या लेझरपुढचं "बंद" खोडा. फ्यूज, सप्लाय, नळी यातलं काय बंद आहे ते लिहा. एका दुपारचं काम आहे.

त्या दोन नळ्या आता परत प्रॅक्टिकलच्या टेबलावर आहेत. तिसरी मित्रानं मला दिली. माझ्या टेबलावर आहे, तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: "हवा शिरली आहे, पेटवू नये." तिच्याशेजारी डिसचार्ज करायचा रेझिस्टर एका प्लास्टिकच्या दांड्याला बांधून ठेवलाय. पुढच्या रविवारी परत जुन्या बाजारात जायचंय. काकांना सांगून ठेवलंय, तसली ट्यूबलाइट आली तर बाजूला ठेवा म्हणून.